डाउटफुल साउंड : बोटीवरच्या मुक्कामाची टिपणं

सकाळ, ते आनाउ.
डाउटफुल साउंड म्हणजे न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर डोंगरांत शिरलेला समुद्राचा चिंचोळा फाटा. क्वीन्सटाउनपासून ‘ते आनाउ’ हे गाव 170 किलोमीटर, पुढे तळ्याकाठचं मनापौरी आणखी 20. नकाशा सव्वादोन तास सांगतो, कॅम्परव्हॅन असेल तर तीन धरावेत. पेट्रोल आणि किराणा ते आनाउलाच. मोठ्या बॅगा गाडीत राहणार, त्यामुळे रात्रीपुरती सॅक आदल्या दिवशीच भरून ठेवलेली बरी. पार्किंगमध्ये डिकी उघडून मोजे शोधायला बसलं की पहिली बोट चुकते. आणि ती चुकली की सगळंच चुकलं, कारण डाउटफुल साउंडला गाडीने पोचता येत नाही. विल्मट खिंडीचा रस्ता 1960च्या दशकात जमिनीखालच्या वीजकेंद्राची यंत्रं न्यायला बांधला. देशातल्या बाकी रस्त्यांना तो जोडलेलाच नाही. म्हणून आधी मनापौरीचं तळं बोटीने, मग 22 किलोमीटर बस, 671 मीटरची खिंड, आणि खाली डीप कोव्ह. मुक्कामाची बोट तिथे.

दुपार.
पाऊस. न्यूझीलंडला आलेले लोक इथे हिरमुसतात ते चुकीचं. ढग नसलेल्या दिवशी मोजकेच धबधबे असतात, पाऊस लागला की प्रत्येक घळीतून पाणी सुटतं. कड्यांवर मधूनच फिकट पट्टे दिसतात. खडकावर माती जवळजवळ नाहीच, झाडं एकमेकांच्या मुळांना धरून उभी. एक सुटलं की खालची सगळी रांग घेऊन जातं. वरचं पाणी कोऱ्या चहासारखं. रानातला पालापाचोळा धुऊन आलेलं गोडं पाणी खाऱ्यावर तरंगतं आणि उजेड अडवतं, म्हणून खोल समुद्रातलं काळं प्रवाळ इथे फार खोल न जाता सापडतं.

1770 मध्ये इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक साउंडच्या तोंडापर्यंत आला, पण आत शिरलं तर बाहेर पडायला वारा मिळेल का याची त्याला शंका वाटली. नाव त्यावरून. खरं तर हा ‘साउंड’ (समुद्राने भरलेली नदीची दरी) नव्हे, ‘फ्योर्ड’, म्हणजे हिमनदीने कोरलेली आणि समुद्राने भरलेली दरी.

संध्याकाळ.
बोट तास्मान समुद्राच्या तोंडाशी गेली की लाटा लागतात. बोट लागणाऱ्यांनी गोळी अर्धा-पाऊण तास आधी घ्यावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली पोटात टिकत नाही. सील बघायला डेकवर जाताना छत्री नको, वाऱ्यात उलटते. टोपीचा रेनकोट हवा. जीन्सही नको, एकदा भिजली की सकाळपर्यंत ओलीच.

कयाकिंग शांत फाट्यात, आणि सँडफ्लायसुद्धा तिथेच. चिलटाएवढी माशी, चावते तेव्हा फारसं कळत नाही, खाज दुसऱ्या दिवशी. मनगटं, घोटे आणि मोज्याची कड इथे डीटचं (कीटक दूर ठेवणारं) मलम. अंधार पडला की चावणं थांबतं.

रात्र.
नांगर टाकल्यावर इंजिन, जनरेटर बंद करतात तेवढ्या वेळासाठी हा मुक्काम. दिवसाच्या सहलीत रात्रीची ही शांतता मिळत नाही. आधी कानात इंजिनाचीच घरघर राहते, मग लांबचं पाणी ऐकू यायला लागतं, एक धबधबा जाड, एक बारीक. कॅमेरा बाहेरच्या गारव्यातून केबिनच्या उबेत एकदम उघडा आणू नये, काच धुरकटते. बाहेरच सॅकमध्ये बंद करावा आणि आत आल्यावर थोडा वेळ तसाच ठेवावा. फोनला रेंज नाही, घरी तसं आधीच कळवावं.

परतीच्या दिवशीच मिलफर्ड साउंड हा दुसरा, जास्त प्रसिद्ध फ्योर्ड गाठायचा मोह होतो. मनापौरीला उतरेपर्यंत जवळपास दुपार, पुढे एकशे चाळीस किलोमीटर घाटरस्ता. त्यापेक्षा ते आनाउला मुक्काम, आणि ओले मोजे गाडीच्या मागच्या काचेशी.