चांगल्या खाद्याने नात्यातल्या संकराचे नुकसान भरून निघते का?

मी फळमाश्यांवर काम करतो हे कळले की हा प्रश्न हमखास येतो: सख्ख्या भावंडांच्या संकरातून जन्मलेल्या अळ्यांना पहिल्यापासून सकस खाद्य दिले, तर त्यांचे नुकसान टळते का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, काही अंशी ते झाकले जाते. नाहीसे होत नाही.

फळमाशीची सगळी वाढ अळीच्या अवस्थेत होते आणि कोषातून बाहेर पडलेल्या माशीचा आकार पुढे बदलत नाही. अळीच्या खाद्यात यीस्ट, म्हणजे प्रथिने, कमी असतील तर वाढीचे दिवस लांबतात, माशी लहान निपजते आणि मादीच्या अंडाशयातील अंडनलिकाही, म्हणजे ज्यांत अंडी तयार होतात त्या नळ्या, कमी राहतात. प्रौढपणी यीस्ट दिल्यास मादी अधिक अंडी घालते खरी, पण नलिकांची संख्या काही वाढत नाही.

नात्यातल्या संकराचा घाव निराळा असतो. सख्ख्या भावंडांच्या एकाच संकराने अंतःप्रजनन गुणांक, म्हणजे एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असण्याची शक्यता, ०.२५ होतो, आणि दर पिढीत तेच चालू ठेवले तर तिसऱ्या पिढीला ०.५. एरवी निरोगी प्रतीच्या आड दबून राहिलेली सदोष जनुके मग जोडीने एकत्र येऊन उघडी पडतात. त्यांतली काही अंड्यातल्या भ्रूणालाच मारतात. ज्याने पहिला घासही घेतलेला नाही, त्याला खाद्य कसे वाचवणार? सौम्य दोषांच्या बाबतीत मात्र खाद्याला महत्त्व येते: पोटभर मिळत असताना न जाणवणारी उणीव उपासमारीत अनेकदा ठळक होते. अनेकदा म्हणतो, कारण प्रत्येक कुळात तसे घडतेच असे नाही.

इथे एक फसगत संभवते, आणि माझ्या मते ती सर्वांत महत्त्वाची आहे. प्रत्येक कुपीत सारखीच अंडी ठेवली, तर नात्यातल्या संकरातून आलेल्या कुळातली बरीचशी अंडी उबतच नाहीत आणि उरलेल्या अळ्यांच्या वाट्याला जास्त खाद्य येते. त्या चांगल्या पोसतात, माश्या मोठ्या निघतात आणि वरवर पाहणाऱ्याला कुळ ठणठणीत वाटते. म्हणून अंडी नव्हे, तर नुकत्याच बाहेर आलेल्या अळ्या बारीक कुंचल्याने उचलून, मोजून प्रत्येक कुपीत सोडाव्या लागतात. न उबलेल्या अंड्यांचा हिशेब वेगळा ठेवायचा, कारण निम्मे नुकसान तिथेच झालेले असू शकते.