आधी चालणं बघू का दात?

"त्याला चालता येत नाही ते आधी बघू का दात बघू?" दातांच्या ओपीडीत शेजारी बसलेली आई आज म्हणाली, चिडून नाही, अगदी सहज. मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसतो. गळ्यातलं लाळेरं भिजलं की बदलत होती, पिशवीत धुतलेल्या लाळेऱ्यांची चळतच होती.

ब्रश तोंडात गेला की तो दात घट्ट आवळतो, हट्ट नाही हो, रिफ्लेक्स असतो तो. खाणं सगळं मऊ, जीभ नीट फिरत नाही म्हणून गालातच साठून राहतं, त्यात फिट्सचं औषध गोड सिरप आणि तेही झोपताना, मग कीड लागणारच ना! आणि दुखलं तरी सांगणार कसं? जेवण सोडतो, रात्र रात्र रडतो, आणि घरचे म्हणतात हल्ली फार किरकिरा झालाय.

फिजिओ, स्पीच, न्यूरो, सगळ्यांच्या फाइली होत्या तिच्याकडे. दातांकडे मात्र पहिल्यांदाच पाठवलेलं, तेही गाल सुजल्यावर.

पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दात दाखवून घ्या असं डेंटिस्ट सगळ्याच मुलांबद्दल सांगतात. पण या आईला ते सांगायचं कोणी, फिजिओने की न्यूरोने?