पासीची आवक : एका परक्या दप्तराची नोंद घेताना

एका जिल्हा कार्यालयाच्या आवक-जावक विभागात मी अनेक वर्षे काढली. टपाल फोडायचे, तारखेचा शिक्का मारायचा, आवक क्रमांक टाकायचा, विषय एका ओळीत लिहायचा आणि संबंधित टेबलाकडे कागद रवाना करायचा, एवढेच माझे काम होते. सेवानिवृत्तीनंतर मोडी शिकावी म्हणून मी एका वर्गाला जाऊ लागले. तेथे पेशवे दप्तरातील रुमालांविषयी, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांविषयी, बोलणे चालले असता शिक्षकांनी सहज सांगितले की, 1777 साली फ्रान्सचा सँ ल्युबँ पुण्यात नाना फडणविसांच्या भेटी घेत होता, त्याच वर्षी अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन पॅरिसजवळच्या पासी गावात बसून इंग्लंडविरुद्धच्या स्वातंत्र्ययुद्धासाठी फ्रेंच दरबाराची मदत मागत होते, आणि त्यांच्याकडे आलेले टपाल आज कोणालाही घरबसल्या वाचता येते. त्या दिवशी घरी येऊन मी संगणक उघडला आणि पुढची दोन वर्षे या उद्योगात कशी गेली ते माझे मला कळले नाही.

फ्रँकलिन यांच्या कागदपत्रांच्या संपादनाचे काम येल विद्यापीठ आणि फिलाडेल्फियाची अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटी यांनी 1954 मध्ये हाती घेतले आणि पहिला खंड 1959 मध्ये निघाला. एकूण कागद सुमारे 30,000 असल्यामुळे हे काम अद्याप चालूच आहे. ‘फाउंडर्स ऑनलाइन’ या संकेतस्थळावर हा मजकूर विनामूल्य मिळतो. सगळे वाचणे या जन्मी शक्य नव्हते, म्हणून मी दोन मर्यादा घालून घेतल्या. एक म्हणजे 1776 च्या डिसेंबरात ते पॅरिसला पोचल्यापासून 12 जुलै 1785 रोजी त्यांनी पासी सोडेपर्यंतचाच काळ घ्यायचा. आणि दुसरी म्हणजे जावक बाजूला ठेवून केवळ आवक वाचायची. त्यांनी लिहिलेली पत्रे सगळेच वाचतात. त्यांच्या दारी काय येऊन पडत होते, याचे मला व्यवसायामुळे अधिक कुतूहल होते.

मी दोनशेपानी वही घेतली आणि रकाने आखले : तारीख, कोणाकडून, कोठून, विषय, उत्तर दिले काय. ‘विषय’ या रकान्यासाठी राजकीय, लष्करी, शास्त्रीय, व्यापारी, घरगुती आणि किरकोळ असे सहा वर्ग ठरवले. कार्यालयात मला एवढे पुरत असे. येथे महिन्याभरातच ‘किरकोळ’ बाकीच्या पाचांहून फुगला, आणि जिचा मुख्य भाग किरकोळात जातो ती नोंदवही चुकलेली असते, हे आमच्या खात्यातला शिपाईसुद्धा सांगेल.

पहिली अडचण संपादकांच्या सोयीतून आली. सैन्यात अधिकारपद मागणारे अर्ज इतके आहेत की संपादकांनी ते स्वतंत्रपणे न छापता बरेचसे एकत्र टिपणांत गोळा केले आहेत, आणि नमुन्यादाखल एखादेच पत्र पूर्ण दिले आहे. एका टिपणाला मी एक आवक क्रमांक देत गेले आणि पुष्कळ पुढे गेल्यावर माझ्या ध्यानात आले की त्या एका क्रमांकाच्या पोटात अनेक माणसे बसली आहेत. मागे जाऊन सगळे क्रमांक बदलावे लागले. पण त्यामुळेच ही टिपणे मन लावून वाचली गेली. अमेरिकेच्या युद्धात नशीब काढू पाहणारे युरोपातले बेकार कप्तान, त्यांचे मामे, त्यांच्या ओळखीच्या सरदारपत्नी, मुलाला कोठेतरी चिकटवून द्या म्हणणारे बाप, माल विकू पाहणारे गिरणीवाले, कोणत्या तरी बंदरात अमेरिकेचा वकील म्हणून नेमणूक हवी असलेले व्यापारी, अमेरिकेत स्थायिक व्हायचे म्हणून जमिनीचा भाव विचारणारी कुटुंबे! अर्जाची भाषा कोठलीही असो, आपली लायकी तीन पाने आणि मागणी शेवटच्या दोन ओळींत, हे प्रमाण मला फार ओळखीचे वाटले. एका बेनेडिक्टाइन मठाधिपतीने तर आपली जुगाराची देणी फेडावीत, त्या बदल्यात आपण अमेरिकेच्या यशासाठी प्रार्थना करू, असा प्रस्ताव पाठवला होता. फ्रँकलिन यांनी त्या पत्रावर मारलेला शेरा हा प्रस्ताव केवळ एका वाक्यात उतरवतो, आणि त्या कोरडेपणातच त्यांचे हसू ऐकू येते.

शिफारशींच्या या माऱ्याला कंटाळून त्यांनी 2 एप्रिल 1777 रोजी एक नमुनापत्र तयार केले होते. हा कागद जावकेतला असल्यामुळे माझ्या नियमात बसत नाही, तरीही मी तो वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला. पत्र घेऊन येणारा इसम मला शिफारस मागतो आहे, पण मला त्याच्याविषयी काहीच, त्याचे नावसुद्धा, ठाऊक नाही. येथे कधी एक अनोळखी माणूस दुसऱ्या तितक्याच अनोळखी माणसाची शिफारस घेऊन येतो, तर कधी दोघे एकमेकांची करतात. तेव्हा याच्या गुणांविषयी आपण यालाच विचारावे, कारण माझ्यापेक्षा त्याची स्वतःशी ओळख नक्कीच जास्त आहे, असा त्याचा आशय आहे. हा मसुदा माझ्या हाती नोकरीत असताना लागला असता तर!

दुसरी अडचण भाषेची होती. पासीच्या आवकेचा फार मोठा भाग फ्रेंचमध्ये आहे आणि मला फ्रेंच येत नव्हते. सुरुवातीला मी यांत्रिक भाषांतरावर विसंबून राहिले. शेजारी राहणाऱ्या मादाम ब्रियों या विदुषीची शंभराहून अधिक पत्रे या संग्रहात आहेत. त्या उत्तम हार्प्सिकॉर्ड वाजवीत, स्वतः संगीतरचना करीत, आणि सत्तरी ओलांडलेल्या फ्रँकलिन यांना ‘प्रिय बाबा’ म्हणत. त्यांनी 1780 साली फ्रँकलिन आजारी असताना एक कविता लिहून पाठवली. यंत्राने तिचे नाव ‘ऋषी आणि थेंब’ असे दिले. हे काहीतरी अध्यात्म असावे अशा समजुतीने मी ती ‘किरकोळ’मध्ये टाकली. पुष्कळ दिवसांनी शब्दकोश चाळताना समजले की फ्रेंचमध्ये ‘गुत’ म्हणजे थेंब आणि तोच शब्द संधिवाताच्या एका प्रकारालाही, म्हणजे गाउटलाही, चालतो. पायाचा अंगठा सुजून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची थट्टा करणारी ती कविता होती, आणि तिच्या उत्तरादाखल 22 ऑक्टोबर 1780 या तारखेचा ‘फ्रँकलिन आणि गाउट यांचा संवाद’ जन्माला आला. त्यात ते दुखणेच त्यांना बुद्धिबळाच्या बैठकीवरून आणि न केलेल्या फेरफटक्यांवरून खडसावते. म्हणजे त्यांच्या सर्वांत गाजलेल्या लेखांपैकी एकाचे मूळ माझ्या वहीत थेंब म्हणून पडून होते. त्यानंतर मी सहा महिने फ्रेंचच्या शिकवणीला गेले. मजकूर जुजबी समजू लागला, मायने मात्र पक्के झाले. ‘आपला अत्यंत नम्र व अत्यंत आज्ञाधारक सेवक’ या शेवटाचे किती चढउतार असतात आणि त्यातला एखादा शब्द गळाला तर लिहिणारा रागावलेला आहे असे कसे समजावे, हे मोडी पत्रांतील मायन्यांची सवय असलेल्याला शिकवावे लागत नाही.

माझ्या रकान्यांचा खरा निकाल लावला तो यान इंगेनहाउस यांनी. हे मूळचे डच डॉक्टर, व्हिएन्नाच्या राजघराण्याचे वैद्य, देवीची टोचणी करणारे, आणि वनस्पती सूर्यप्रकाशात हवा शुद्ध करतात हे 1779 साली दाखवून देणारे शास्त्रज्ञ. त्यांचे पत्र आले की माझा अर्धा दिवस जात असे. एकाच पत्रात धातूंच्या तारांतून उष्णता किती वेगाने जाते याच्या प्रयोगाची हकीकत, अमेरिकेच्या युद्धाची चौकशी, आणि व्हार्टन नावाच्या व्यापाऱ्याकडे अडकलेल्या आपल्या पैशांचे गाऱ्हाणे. याचा विषय काय लिहावा? मी आधी ‘शास्त्रीय’ लिहिले, मग खोडून ‘व्यापारी’ केले.

यातले 15 ऑगस्ट 1783 चे पत्र मी किती वेळा वाचले याला गणती नाही. वीज साठवून ठेवणाऱ्या लाइडन बरणीचा झटका बसून इंगेनहाउस कोसळले, त्याची हकीकत त्यांनी यात स्वतः लिहिली आहे. स्फोट आपण पाहिला नाही, ऐकला नाही आणि जाणवलाही नाही, असे ते सांगतात. शुद्धीवर आल्यावर स्मरण व समज दोन्ही गेलेली होती. लेखणी हाती घेतली तर तिचे काय करायचे तेच आठवेना. आपल्याला कायमचे वेड लागणार या धास्तीने ते झोपी गेले. सकाळी उठले तेव्हा डोके कधी नव्हे इतके तल्लख चालत होते, अवघड वाटणाऱ्या गोष्टी सहज उलगडत होत्या आणि मन विलक्षण प्रसन्न होते. यावरून त्यांनी लंडनच्या वेड्यांच्या डॉक्टरांना सुचवले की असा झटका रोग्यांना देऊन पाहावा. आपल्या बुद्धीचा दिवा विझून पुन्हा लागताना जो माणूस त्याचीही नोंद ठेवतो, त्याला मी मनोमन नमस्कार केला. फ्रँकलिन यांना स्वतःलाही असे झटके बसलेले होते. त्यांनी हा भाग सरकारी आश्रयाने गरीब रोग्यांवर विजेचे उपचार करणाऱ्या एका माणसाला दाखवला आणि वेड्यांवर हा प्रयोग करून बघण्यास सुचवले. हे सांगणारे उत्तर त्यांनी इंगेनहाउसना लिहिले ते 29 एप्रिल 1785 रोजी, म्हणजे सुमारे वीस महिन्यांनी. आमच्याकडे इतक्या प्रलंबित प्रकरणाला खुलासा मागवला असता. पण कार्यालय कसले, तर पासीला आला तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा असलेला नातू विल्यम टेम्पल हा कारकून म्हणून बसलेला, आणि त्याच्या हाताखाली अधूनमधून एखादा लेखनिक. शिवाय त्या काळी टपालाचा खर्च बहुधा पत्र घेणाऱ्याच्या माथी असे. जो माणूस अमेरिकेतील वसाहतींचा पोस्टमास्तर होता त्याच्यावरच नकोशा अर्जांचे पैसे भरण्याची पाळी आली होती.

हुंड्या, जहाजांची भाडी आणि कापडाच्या गासड्या यांविषयीची पत्रे मी प्रामाणिकपणे सांगायचे तर उरकली. अमेरिकेची काँग्रेस फ्रँकलिन यांच्या नावे हुंड्या काढीत असे आणि त्या फेडण्यासाठी त्यांना फ्रेंच मंत्र्यांपुढे पुन्हापुन्हा पदर पसरावा लागे, एवढे कळल्यावर प्रत्येक हुंडीची तारीख लिहिण्याचा उत्साह मला उरला नाही. इंग्लंडातल्या फोर्टन आणि मिल या तुरुंगांत खितपत पडलेल्या अमेरिकन खलाशांची पत्रे मात्र सोडवेनात. त्यांच्यासाठी लंडनमधल्या डिग्ज नावाच्या मध्यस्थाकडे पाठवलेले पैसे त्याने खाल्ले, तेव्हा फ्रँकलिन यांनी लिहिले की असल्या माणसाला जर नरक मिळणार नसेल तर सैतान पोसण्यात अर्थ नाही. एरवी इतक्या तोलून लिहिणाऱ्या माणसाचा हा तोल सुटणे मला बरे वाटले.

1777 च्या जानेवारीत ज्युलियाना रिची या बाईंनी कळवले की आपण हेरांनी वेढलेले आहात. त्याला उत्तर गेले की, उघड झाल्यास लाज वाटेल असे काही करायचेच नाही हा माझा नियम आहे, त्यामुळे माझा खास नोकर हेर असला, आणि तो बहुधा असेलही, तरी इतर बाबतींत तो चांगला असेल तर मी त्याला काढणार नाही. हे वाचून मी खूश झाले होते. पुढे समजले की त्यांचा विश्वासू मित्र आणि शिष्टमंडळाचा चिटणीस एडवर्ड बँक्रॉफ्ट हाच इंग्रजांचा हेर होता. पॅरिसमधल्या त्वीलरीच्या बागेतील झाडाच्या ढोलीत बाटली सोडून तो बातम्या पोचवीत असे, आणि हे जगाला कळायला 1889 साल उजाडले. मी त्याच्या नोंदी शाईने केल्या होत्या. त्या तशाच ठेवल्या आहेत.

1 ऑक्टोबर 1783 रोजी आरासचा एक तरुण वकील पत्र पाठवतो. सँतोमेर गावी एका गृहस्थाने घरावर फ्रँकलिन यांनी शोधलेला, आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वीजवाहक बसवला, शेजारी घाबरले आणि नगराधिकाऱ्यांनी तो काढायचा हुकूम दिला. या वकिलाने अपील लढवून ते जिंकले आणि आपली छापील भाषणे फ्रँकलिन यांच्या चरणी ठेवली. विश्वातला सर्वांत नामवंत शास्त्रज्ञ असणे हा ज्याचा सर्वांत लहान गुण, अशा पुरुषाची पसंती मिळावी, अशी त्याची इच्छा होती. सही रोबेस्पिएर अशी आहे, म्हणजे पुढे फ्रेंच राज्यक्रांतीतल्या दहशतीच्या काळाचा पुढारी झालेला तोच. मला पुढचा इतिहास माहीत असल्यामुळे हात थबकला, पण रकान्यात पुढचा इतिहास लिहायची सोय नसते. विषय : वीजवाहक. सोबत : छापील भाषणे.

‘घरगुती’ वर्गाची पाने मी सर्वांत सोपी समजत होते. 22 जुलै 1784 चे लंडनहून आलेले पत्र त्यातच लागले. लिहिणारे विल्यम फ्रँकलिन, म्हणजे युद्धात राजाच्या बाजूला राहिलेला मुलगा, नमते घेऊन पुन्हा संबंध जोडू पाहणारा. त्याच उन्हाळ्यात मेस्मर या डॉक्टराच्या प्राणिचुंबकत्वाची, म्हणजे अदृश्य चुंबकशक्तीने रोग बरे करण्याच्या दाव्याची, तपासणी करणाऱ्या शाही समितीचे काम चालू होते. तिच्यात फ्रँकलिन यांच्याबरोबर रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएही होते आणि तिचे काही प्रयोग पासीच्याच बागेत झाले. समितीच्या अहवालाची तारीख 11 ऑगस्ट. मुलाला उत्तर 16 ऑगस्ट. म्हातारपणी एकुलत्या एका मुलाने सोडून जावे, एवढेच नव्हे तर आपल्याविरुद्ध शस्त्र धरावे, याइतके दुःख आपल्याला कशानेही झाले नाही, असे त्यात आहे. मी वहीत ‘उत्तर दिले काय’ पुढे ‘होय’ लिहिले आणि त्या दिवशी संगणक बंद केला.

सध्या वही दुसऱ्यांदा लिहिते आहे. ‘विषय’ हा रकाना काढून टाकला आहे आणि त्या जागी ‘पाठीवरचा शेरा’ असा रकाना आखला आहे. दुसरा एक रकाना ‘कागद कोठून मिळाला’ याचा आहे, कारण हे दप्तरही सरळ एका जागी राहिलेले नाही. मोठा भाग 1840 मध्ये फिलाडेल्फियाच्या सोसायटीकडे आला. नातवाने लंडनला नेलेला दुसरा गठ्ठा सेंट जेम्स भागातील एका शिंप्याच्या दुकानात फळीवर सापडला, आणि तो फिरत फिरत 1882 मध्ये अमेरिकन सरकारने विकत घेतला. कालच 1777 चा मे महिना पुरा झाला. अर्जांना यावेळी माणसागणिक क्रमांक दिला आहे.