बोट दाखवू नको

२६ एप्रिल २०२०, रविवार. अक्षय्य तृतीया.

उजाडायच्या आत पंप लावला. आमची गुहागरची जमीन पुळणीची, उन्हं चढली की पाटातलं पाणी सुपारीच्या आळ्यापर्यंत पोचतच नाही, मधल्या मध्ये जिरतं. शिंपण्याला येणारा गडी टाळेबंदी लागल्यापासून आलेला नाही. हे फावडं घेऊन पाट फिरवतात, मी मागोमाग आळ्यांत झावळ्या नि पातेरा टाकत जाते. तेवढीच ओल दोन दिवस टिकते. मिरवेल सुकतोय की काय अशी धास्ती होती, पण तग धरून आहे. जायफळ मात्र रुसलंय.

आज तीज, म्हणजे पावसाळी वेलांची आळी आजच खणायची, ही आमच्या आईंची शिस्त. सासूबाईंचं वय ऐंशीच्या पुढे, स्वतः खणवत नाही, पण पडवीतल्या खुर्चीवर बसून आळं किती खोल नि किती गोल ते सांगतात. पडवळ, दोडकी, कारली, काकडी. बी काढायला त्यांनी माळ्यावरचं जुनं डालडाचं डबडं मागवलं. आत राखेत घोळवलेल्या पुरचुंड्या. एकीवरही नाव नाही. नुसत्या चिमटीत धरून सांगतात, हे कारलं, हे पडवळ.

गुढीपाडव्याच्याच दिवशी, २५ मार्चला, सगळा देश बंद झाला. तेव्हा वाटलं होतं, हापूस अढीत पिकेपर्यंत सगळं सुरळीत होईल. आता आंबा पिकून घरभर वास सुटलाय आणि खाणारी माणसं डोंबिवलीत, पुण्यात नि मस्कतला. शिमग्याला सगळी आली होती, पालखी घरी आली तेव्हा ओटीवर पाय ठेवायला जागा नव्हती. मे महिन्यात परत येणारच, म्हणून कोणी नीट निरोपसुद्धा घेतला नाही. आता पेट्या पाठवायच्या तरी कशा? जातील तेव्हा जातील. तोवर साठं घालतेय. ताटांना तूप लावून रस पसरायचा, उन्हात टाकायचा, संध्याकाळी आत आणायचा. मुंग्यांची मात्र चंगळ.

२९ एप्रिल

फोनबद्दल लिहायचं राहूनच जातं. आमचं घर चिऱ्याचं. माजघरात रेंज येत नाही, ओटीवर आली तर आली. विहिरीच्या कठड्यापाशी मात्र चेहरा स्पष्ट दिसतो. त्यामुळे संध्याकाळचे सगळे फोन विहिरीवरून. सुरुवातीला यांनी कुरकुर केली, पण मला विचाराल तर घरात रेंज नाही तेच बरं आहे. पहिल्या आठवड्यात ओटीवरून बोलायचो तेव्हा काय बोलायचो? आज किती रुग्ण सापडले, तुमच्या इमारतीत कोणी आहे का, मास्क लावता ना. दोन मिनिटांत सगळे गप्प, मग "बरं, ठेवू का?" आईंना तर फोन मुळातच आवडत नाही. कानाला लावला की "सगळं बरं आहे, ठेवते" एवढंच.

विहिरीवर आलं की मागे वाडी दिसते. चिरंजीव पुण्याहून विचारतो, तो माड वाकलाय का गं? मस्कतहून मुलगी म्हणते, मोगरा दाखव. मोगऱ्याची छाटणी करून मी त्याचं पाणी तोडलं होतं, मग फाल्गुनात परत सुरू केलं. आता अशी फुलं येताहेत की ओंजळ पुरत नाही. गजरा करावा तर माळणार कोण? मग ती म्हणते, आई, पाण्यात घालून पाणी तरी पी. तिथे वाळवंटात तिने कुंडीत कढीलिंब लावलाय, त्याला पानं चार. ती चार पानं आम्ही सगळ्यांनी बघितली आहेत.

आणि डोंबिवलीचा दुधी. शिमग्याहून जाताना धाकट्या जाऊबाई आईंच्या डबड्यातलं दुधीचं बी घेऊन गेल्या. सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत, रंगाच्या रिकाम्या डब्यात. वेल ग्रिलवर चढून वरच्यांच्या गॅलरीकडे निघालाय. फुलं भरपूर, पण सगळी गळताहेत म्हणून त्या रडकुंडीला आल्या होत्या. भाऊजी म्हणाले, वेल काढून टाक, डास होतात.

आईंनी माझ्या हातातून फोन घेतला. स्वतःहून घेतला, हे लिहून ठेवायला हवं.

"अगो, आधी नराचीच फुलं येतात. ती गळायचीच. शेंडा खुडलास का?"

नव्हता खुडला. शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात आणि मादीची फुलं बहुतेक त्यांवरच धरतात. आईंनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मग मादीचं फूल ओळखायचं कसं, तर "त्याच्या पाठुंगळीला पोर असतं." खरंच तसं असतं. पांढऱ्या पाकळ्यांच्या मागे करंगळीच्या पेराएवढा, बारीक लव असलेला दुधी आधीच बसलेला असतो. नराच्या फुलामागे नुसता लांब देठ.

१ मे

टाळेबंदी १७ मेपर्यंत वाढली. ठाणे जिल्हा लाल पट्ट्यात, मुंबई नि पुणेही. म्हणजे या मे महिन्यात कोणी येत नाही. आईंना सांगितलं. त्या "हं" म्हणाल्या आणि विचारलं, शेंडा खुडला का तिने?

३ मे, रविवार

आज मादीचं फूल आलं. दुधीचं फूल संध्याकाळी उमलतं, सकाळपर्यंत मलूल होतं. वाडीत रात्री पतंग येतात नि आपलं काम करून जातात. सातव्या मजल्यावर पतंग कुठला यायला! तेव्हा हे काम हातानेच करायचं होतं.

सातच्या सुमाराला सगळे फोनवर. पुणं, मस्कत, डोंबिवली आणि विहिरीच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून आई. जाऊबाईंनी फोन पुतण्याच्या हातात दिला आणि फूल दाखवायला बोट पुढे केलं. आई जवळजवळ ओरडल्याच, "बोट नको दाखवू! झडेल!" कोवळ्या फळाला बोट दाखवू नये, हे आम्ही सगळ्यांनी लहानपणी ऐकलंय. माझा विश्वास आहे का? नाही. मी दाखवते का? तेही नाही. जाऊबाई धावत जाऊन लाटणं घेऊन आल्या आणि पुढचा सगळा कार्यक्रम लाटण्याने दाखवून झाला.

नराचं ताजं उमललेलं फूल देठासकट खुडायचं, पाकळ्या मागे सोलून काढायच्या. मधे परागाने भरलेला दांडा उरतो. तो मादीच्या फुलातल्या जाडसर गाठीला हलक्या हाताने सगळीकडून लावायचा. घासायचा नाही. जाऊबाईंचा हात थरथरत होता. पुतण्या म्हणाला, आई, फोकस जातोय. मस्कतहून मुलीने हसून विचारलं, लग्न लागलं का? भाऊजी मागून "शुभमंगल सावधान" म्हणाले. हेच ते, डास होतात म्हणणारे.

फोन बराच वेळ चालला. रुग्णांचा आकडा आज कोणी काढला नाही.

७ मे

धरलं. पराग लागला नसता तर एव्हाना पिवळं पडून गळलं असतं. हिरवंगार आहे, वाढतंय, आणि रोज संध्याकाळी लाटण्याने दाखवलं जातं.

आता वेगळंच भांडण सुरू झालंय. जाऊबाईंना दुधी कोवळा असताना काढून चणाडाळ घालून भाजी करायची आहे. त्यांचं म्हणणं, इतक्या दिवसांनी घरचं काहीतरी खायला मिळेल. भाऊजींना दुधी हलवा हवा. आई म्हणतात, एकच फळ धरलंय तर ते बियाण्याला ठेवायचं. वेलावरच वाळू द्यायचं, हलवलं की आत बी खुळखुळलं पाहिजे. डबड्यातलं दुधीचं बी यंदा संपलं, सगळं डोंबिवलीला गेलं.

जाऊबाई मला खाजगीत म्हणाल्या, तुम्हीच समजवा हो त्यांना. मी म्हटलं, मी मधे पडणार नाही. तू आणखी एक शेंडा खूड, दुसरी मादी आली की ती भाजीची.

पुतण्याने मतदान घेतलंय. तूर्तास भाजी दोन, हलवा एक, बियाणं दोन. यांनी अजून मत दिलेलं नाही.