जळका पियानो आणि कचऱ्याचा वार

ऑक्टोबर 2019 मधल्या आमच्या जपान सहलीतलं हाकोने, टोकियोजवळचं डोंगरातलं गाव, हागिबिस वादळानं गिळलं. 12 तारखेला तिथे एका दिवसात 922.5 मिलिमीटर पाऊस कोसळला. आपल्या 26 जुलैला सांताक्रूझला 944 पडला होता, यावरून काय ते समजा. डोंगर चढणारी ती छोटी रेल्वे जी बंद पडली ती थेट पुढच्या वर्षीच्या जुलैत सुरू झाली. क्योतो, नारा झालं, छान झालं, त्याबद्दल सगळेच लिहितात.

तर हातात मोकळी संध्याकाळ आली आणि वहिनी म्हणाली, "रोप्पोंगीला चिहारू शिओताचं, ती दोऱ्यांच्या कलाकृती करते ना तिचं, प्रदर्शन आहे, 27 तारखेला संपतंय, चला." दादाचं घर निशी-कासाईत, म्हणजे टोकियोतला आपल्या लोकांचा बालेकिल्ला. तिथून तोझाई लाइन, कायाबाचोला गाडी बदलून हिबिया लाइन, की रोप्पोंगी. मोरी कला संग्रहालय 53व्या मजल्यावर. मंगळवार सोडला तर रात्री दहापर्यंत उघडं असतं, आणि गर्दी टाळायची तर रात्री जा असं जो तो सांगतो. आम्ही रात्रीच गेलो. अख्खं टोकियो तोच सल्ला ऐकून आलं होतं.

पहिल्या मोठ्या दालनात लोखंडी सांगाड्यांच्या होड्या, आणि त्यांतून लाल दोरा उसळून थेट छतापर्यंत. लांबून धुकं वाटतं. भिंतीजवळ गेलं की दिसतं, प्रत्येक दोरा साध्या स्टेपलच्या पिनेनं ठोकलाय. मला त्या पिनाच जास्त आवडल्या. कोणीतरी शिडीवर चढून, मान मोडेपर्यंत हे केलंय हे त्यांच्यामुळे कळतं. बाकी लोकांना पिनांशी काही देणंघेणं नव्हतं. त्या लालसर उजेडात चेहरे चांगले येतात, त्यामुळे प्रत्येक होडीपाशी फोटोची रांग. एका जोडप्यानं आमच्या भाच्याला हातानं बाजूला सरकवलं. जपानी शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी शनिवारी रात्री इथे यावं.

पुढच्या खोलीत मात्र आवाज आपोआप कमी झाला. जळका ग्रँड पियानो, त्यासमोर श्रोत्यांच्या जळक्या खुर्च्या, आणि सगळ्यावर, सगळ्यामधून काळा दोरा. शिओता 1972 ची, ओसाकाची, आता बर्लिनमध्ये राहते. ती नऊ वर्षांची असताना शेजारचं घर रात्रीतून जळलं आणि सकाळी बाहेर हा असा पियानो पडलेला तिनं पाहिला. त्या जळक्या वासानं आपला आवाज कोंडला जायचा असं ती सांगते. खुर्च्यांचे पाय होळीच्या दुसऱ्या दिवशी चौकात उरलेल्या ओंडक्यांसारखे, वरून काळे, चिरा गेलेले. दोऱ्यामुळे जवळ जाताच येत नाही. मी आणि वहिनी नुसत्या उभ्या. वहिनीनं भिंतीवरचा मजकूर वाचून सांगितलं की या प्रदर्शनाचं निमंत्रण आलं आणि दुसऱ्याच दिवशी शिओताचा कॅन्सर उलटल्याचं निदान झालं. म्हणजे हे सगळं तिनं उपचार घेता घेता उभं केलेलं.

आमचा भाचा आठ वर्षांचा, जन्मापासून टोकियोत. त्याला निदान वगैरे काही नाही. "आई, हे संपल्यावर दोरा कुठे जातो?"

वहिनीनं कोपऱ्यात खुर्चीवर बसलेल्या बाईंना विचारलं. त्यांनी दोन बोटांची कात्री केली आणि हवेत चालवली. कापून टाकतात. होड्या, खुर्च्या पुढच्या गावी जातात, तिथे पुन्हा नवा दोरा, पुन्हा शिडी, पुन्हा पिना.

"टाकतात म्हणजे जळणाऱ्या कचऱ्यात की न जळणाऱ्या?" जपानात कचरा असा वेगळा करायचा आणि प्रत्येकाचा वार ठरलेला.

त्या बाईंनी तोंडावर हात धरला, पण हसून सोडून दिलं नाही. दोघी-तिघांत गंभीर चर्चा झाली. दोरा कशाचा आहे, त्यात पिना अडकलेल्या असतील तर त्या आधी वेगळ्या करायला हव्यात, आणि एवढ्या मोठ्या कचऱ्याला बहुधा वेगळी गाडी लागत असेल. आमच्या इमारतीत तो मंगळवारीच न्यावा लागला असता, असं भाच्यानं वर ऐकवलं. मला मघापासून घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं होतं, ते तिथे जे सुटलं ते हसण्यातच सुटलं. जळक्या पियानोसमोर हसणं बरं दिसत नाही म्हणून मी पुढच्या दालनात पळाले.

शेवटी एक व्हिडिओ होता, जर्मनीतली लहान मुलं आत्म्याबद्दल बोलतात. भाचा तो सलग पाहत बसला, आम्ही मोठे पाय दुखतात म्हणून कुरकुरत. तेव्हा त्याच तिकिटात 52व्या मजल्यावरून टोकियो टॉवर दिसायचा. दिसला.

नंतर हेच प्रदर्शन बुसान, जकार्ता करत 2024 च्या डिसेंबरात पॅरिसच्या ग्राँ पॅलेत लागलं. तिथल्या मैत्रिणीला मी बजावलं होतं, पियानोची खोली शेवटी बघ, नाहीतर बाकीचं फिकं पडेल. तिनं ती सगळ्यांत आधी पाहिली आणि सरळ घरी गेली. लाल होड्यांसाठी परत जाणार म्हणत होती, मार्चमध्ये प्रदर्शन उठलं तरी गेली नाही.