मागच्या सीटचे पट्टे: धुऊन सुटलेला एक दोष आणि बदलावे लागलेले दोन रिट्रॅक्टर

आमची सात आसनी डिझेल गाडी २०१० सालची आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळुणात वाशिष्ठीचे पाणी शिरले तेव्हा ती आवारातच उभी होती आणि पाणी मधल्या रांगेच्या बैठकीपर्यंत चढले होते. पुढे इंजिन, वायरिंग आणि आतल्या गालिच्याचे काम झाले, पुढच्या दोन्ही सीटचे बेल्टही नवे बसले. मधल्या रांगेचे पट्टे त्या वेळी नीट आत-बाहेर होत होते, म्हणून त्यांच्याकडे कोणी पाहिले नाही आणि मीही आग्रह धरला नाही.

गेल्या वर्षभरात आई बसते त्या डाव्या बाजूचा पट्टा सोडल्यावर अर्ध्यातच थांबू लागला. उरलेला पट्टा दाराबाहेर लोंबत राहायचा आणि दार लावताना त्याची कड चिमटायची. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर टाटा समूहाचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाला. मागे बसलेल्यांनी पट्टा लावलेला नव्हता, ही बातमी वाचल्यापासून आई कोणी न सांगता मागेही पट्टा लावते. ज्या माणसाने ही सवय मनापासून अंगी बाणवली, त्याच्याच जागेचा पट्टा खराब असणे मला सहन होईना, म्हणून दसऱ्यानंतरच्या रविवारी काम हाती घेतले.

पहिला दिवस धुण्यात गेला. पट्टा पूर्ण बाहेर ओढून, परत जाऊ नये म्हणून रिट्रॅक्टरच्या, म्हणजे पट्टा गुंडाळून आत ओढणाऱ्या डबीच्या, तोंडाशी कापडात गुंडाळलेला शिकंजा लावला आणि कोमट पाण्यात सौम्य साबण घालून तो मऊ ब्रशने लांबीच्या दिशेने घासला. बादलीतले पाणी तीन वेळा बदलावे लागले. पहिल्या पाण्याच्या तळाशी बारीक तांबूस माती बसली, ती २०२१ च्या पुराचीच असणार. ब्लीच, रॉकेल किंवा थिनर येथे कटाक्षाने टाळावे, कारण पट्ट्याचे पॉलिएस्टर धागे त्याने कमकुवत होऊ शकतात आणि ते डोळ्यांना दिसत नाही. खांद्याजवळच्या ज्या कडीतून पट्टा वळतो तिच्या आतल्या बाजूला घाम, तेल आणि धूळ यांचा काळा, मेणासारखा थर साचला होता. तो बोटाला चिकटत होता, आणि पट्टा सरकताना अडतो तो बहुधा तेथेच. कडी साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसली आणि पट्टा दीड दिवस सावलीत वाळवला. ओला पट्टा आत गुंडाळला तर बुरशी धरते.

उजवीकडचा पट्टा एवढ्यानेच सुधारला. डावीकडचा मात्र पूर्वीपेक्षा वीतभर अधिक आत गेला आणि पुन्हा थांबला. म्हणजे दोष कडीत नसून आतल्या यंत्रात होता.

दुसऱ्या रविवारी मागचे प्लास्टिक पॅनेल काढले. पट्ट्याचे बोल्ट बहुतेक गाड्यांत ७/१६ इंच व्यासाचे, इंचाला २० आटे असलेले असतात. आमच्या गाडीत खालच्या टोकाला पूर्वी कोणत्या तरी गॅरेजमध्ये मेट्रिक आट्यांचा बोल्ट दामटून बसवलेला निघाला. त्याचे दोनच आटे धरले होते. माझ्या मते संपूर्ण कामातील हा सर्वांत गंभीर दोष होता, आणि तो पॅनेल काढल्याखेरीज दिसला नसता. नटाचे आटे सुदैवाने शाबूत होते. योग्य टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून ते साफ करून घेतले.

रिट्रॅक्टर प्रथमच काढणाऱ्यांसाठी एक सूचना येथेच देतो. तो हातात घेऊन पट्टा ओढला तर ओढला जात नाही आणि आपण काहीतरी मोडले असे वाटते. तसे घाबरण्याचे कारण नसते. रिळाच्या एका बाजूला घड्याळातल्यासारखी चपटी पोलादी स्प्रिंग असते, ती पट्टा आत ओढते. दुसऱ्या बाजूला कुलूप लावणारी यंत्रणा असते आणि तिला दोन प्रकारे जाग येते. पट्टा झटक्याने ओढला गेला की रिळासोबत फिरणारी चकती मागे राहते आणि खिट्टी दातेरी चाकात अडकते. गाडीचा वेग एकदम कमी झाला किंवा ती फार कलली, की छोट्या वाटीतली पोलादी गोळी सरकून वरची पट्टी उचलते आणि तीच खिट्टी अडकते. हातात धरलेला रिट्रॅक्टर तिरका असतो, म्हणून गोळी आपले काम करते. डावा आणि उजवा रिट्रॅक्टर अदलाबदल करून चालत नाही तेही यामुळेच, कारण वाटीचा कोन त्या त्या बाजूच्या बैठकीप्रमाणे ठरवलेला असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक १६ क्रमांकाच्या नियमानुसार बसवलेल्या स्थितीपासून १२ अंशांपर्यंत कलल्यास रिट्रॅक्टरने अडकू नये आणि २७ अंशांपेक्षा अधिक कलल्यास अडकलेच पाहिजे. मी फळीवर रिट्रॅक्टर मूळ कोनात बसवून फोनमधील कोनमापकाने फळी उचलत गेलो. उजवा साधारण २० अंशांवर दरवेळी अडकला. डावा दहापैकी चार वेळा ४० अंशांवरही मोकळा राहिला. कानाजवळ धरून हलवला तर उजव्यात गोळीची स्वच्छ टकटक ऐकू येई आणि डाव्यात काहीच नाही. वाटीत गाळ घट्ट बसला होता. घरातली ही चाचणी प्रयोगशाळेची बरोबरी करत नाही, परंतु नापास ठरवायला ती मला पुरेशी वाटली.

डबी उघडून गाळ काढावा हा मोह मला झाला, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तसे करू नये असे माझे ठाम मत आहे. स्प्रिंगचे झाकण निघाले तर ती उसळून बाहेर येते व हात कापते, आणि आपण पुन्हा जुळवलेले यंत्र खऱ्या धडकेत अडकेल की नाही हे तपासण्याचे साधन आपल्याकडे नसते. तेलाचा फवाराही मारू नये, त्यावर धूळ अधिकच बसते. भंगार बाजारात जुना रिट्रॅक्टर स्वस्तात मिळत होता; तो नाकारला, कारण धडकेत एकदा ताणलेला पट्टा पुन्हा पूर्ण क्षमतेने काम करत नाही आणि त्या गाडीचा इतिहास कळण्याचा मार्ग नव्हता. उजवा चाचणीत उत्तीर्ण झाला असला, तरी तोही त्याच पाण्यात बुडालेला होता आणि त्याच्या चौकटीवर गंज होता, म्हणून दोन्ही नवे मागवले. पार्ट नंबर जुन्या लेबलवरून घेतला.

उजव्या बकलमधून मुलीने कधीतरी टाकलेले एक रुपयाचे नाणे निघाले. नंतर बकल खटकन बसू लागले, परंतु पन्नास वेळा लावून-सोडून पाहताना दोनदा लाल बटण न दाबताच सुटले, म्हणून तेही बदलले.

बोल्ट बसवताना वॉशरचा मूळ क्रम ठेवावा, म्हणजे टोकाची पट्टी बोल्टभोवती सहज फिरते. टॉर्क, म्हणजे बोल्ट आवळण्याचा जोर, सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्याप्रमाणेच दिला. पुढच्या बेल्टना मी हात लावला नाही. त्यांत धडकेच्या क्षणी पट्टा आवळणारे स्फोटक प्रीटेन्शनर आहेत आणि पिवळे कनेक्टर दिसले की ते काम घरी करायचे नाही, हा माझा नियम आहे.

काल सकाळी रिकाम्या मैदानावर ताशी १५ किलोमीटरच्या वेगात तीनदा ब्रेक लावून पाहिले. मागे बसलेल्या भावाने दोन्ही पट्टे हलकेच ओढून धरले होते, आणि दोन्ही तिन्ही वेळा अडकले. दिवाळीत कुंभार्ली घाटातून कराडला जायचे आहे. मधल्या जागेचा कमरेपुरता पट्टा अजून धुवायचा आहे, आणि तिसऱ्या रांगेतील समोरासमोरच्या बाकांना पट्टेच नाहीत, त्यामुळे या प्रवासात तेथे फक्त सामान राहील.