तुलनेसाठी घेतलेला नमुना

सांडपाण्यातील प्रतिजैविकांना न जुमानणारे जिवाणू मोजण्याच्या आमच्या कामात रुग्णालयाच्या वाहिनीत काय सापडेल याचा अंदाज आधीच असतो. पण त्या दिवशी आम्हाला चक्रावून टाकले ते पुण्यातील एका निवासी वसाहतीच्या ड्रेनेज चेंबरने, जिथला नमुना आम्ही निव्वळ तुलनेसाठी घेत होतो.

पाणी ०.४५ मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलातून गाळून ते पटल टीबीएक्स आगर या जिवाणू वाढवण्याच्या माध्यमावर ठेवले, की ई. कोलाय या आतड्यातील जिवाणूच्या वसाहती निळसर-हिरव्या उगवतात. एक प्लेट साधी असते, दुसरीत लिटरला ४ मिलिग्रॅम सेफोटॅक्सिम हे प्रतिजैविक मिसळलेले असते, म्हणजे तिच्यावर त्याला न जुमानणारेच उगवतात. आम्ही मेरोपेनेम या गंभीर संसर्गासाठी राखून ठेवलेल्या प्रतिजैविकाची तिसरी प्लेटही लावत असू, आणि निवासी भागाच्या नमुन्यांत ती बहुधा कोरीच राही. त्या सकाळी इन्क्युबेटर उघडला तेव्हा तिच्यावर निळसर-हिरवे ठिपके स्पष्ट दिसत होते.

पहिला संशय अर्थातच आमच्याच हातांवर होता, परंतु निर्जंतुक पाणी गाळून शेजारी ठेवलेली प्लेट स्वच्छ होती. वसाहती वेगळ्या वाढवून पीसीआर ही विशिष्ट जनुक शोधणारी चाचणी केली, तेव्हा जेलवर मेरोपेनेमसारखी औषधे निकामी करणाऱ्या एनडीएम जनुकाचा पट्टा उमटला. मेरोपेनेम शिरेतून द्यावे लागते, त्याची गोळी औषधाच्या दुकानात मिळत नाही. मग घरांच्या सांडपाण्यात हे कसे आले? रुग्णालयातून घरी परतलेल्या माणसाच्या आतड्यात असे जिवाणू दीर्घकाळ राहू शकतात, आणि हे जनुक बहुधा ज्या प्लाझ्मिडवर, म्हणजे जिवाणू एकमेकांना देऊ शकतात अशा डीएनएच्या छोट्या तुकड्यावर, असते त्यावर इतर औषधांना रोधणारी जनुकेही असल्याने साध्या गोळ्यांच्या वापरानेही ते टिकून राहते. तसे पाहता २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी दिल्लीतील साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये आणि नळाच्या ५० नमुन्यांपैकी २ मध्ये हे जनुक आढळलेच होते. वाचलेले असणे निराळे आणि आपल्या प्लेटवर उगवणे निराळे, एवढे मात्र खरे.

अहवाल पाहून संबंधित अधिकाऱ्यांनी विचारले, “मॅडम, नेमके कोणत्या इमारतीतून आले ते सांगता येईल का?” एका चेंबरमध्ये अनेक इमारतींचे पाणी मिसळते, त्यामुळे ते सांगता येत नव्हते, आणि माझ्या मते, सांगता आले असते तरी सांगू नये, कारण त्यातून उपचारापेक्षा बहिष्कारच अधिक घडेल. त्याऐवजी त्याच चेंबरचा नमुना नियमित घ्यायचा आणि शुद्धीकरण केंद्रातून नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्यासाठीही मेरोपेनेमची प्लेट लावायची, असे ठरले.